रुमालाखालच्या दोन भाकरी

मनमाडला गाडी बदलून निजामाच्या मुलखात जाणाऱ्या लहान गाडीत बसले, तेव्हा मी भलतीच खुशीत होते. नगरच्या आमच्या मुलींच्या शाळेला सुटी होती आणि भोकरदनच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीने तिथल्या बायकांना शिकवायला मला बोलावलं होतं. शहरातली आमची उपासना म्हणजे इस्त्रीचे कपडे आणि घड्याळाकडे डोळे. खेड्यात खरा विश्वास पाहायला मिळेल, आपलाही आत्मा जरा तृप्त होईल, असं मनात होतं. दुरून डोंगर साजरे ही म्हण मी वर्गात दरसाल शिकवते, पण स्वतःला लावून पाहायचं तेवढं राहून गेलं.

सरहद्दीवर करोडगिरीच्या (जकातीच्या) शिपायाने माझी ट्रंक उघडायला लावली. उपासनेत भाकरी मोडून आणि द्राक्षाचा रस वाटून घेतात, त्या प्रभुभोजनासाठी मनुकांचा रस नेला होता. ती बाटली पाहून त्याच्या भुवया वर चढल्या. "शराब?" त्याने विचारलं. देवाच्या कामाचा साधा रस आहे असं सांगितल्यावर त्याने बूच काढून वास घेतला आणि बाटली पुन्हा माझ्याच टॉवेलात नीट गुंडाळून ठेवली. माझी घडी घातलेली लुगडी मात्र त्याने पार विस्कटून टाकली होती.

जालन्याहून भोकरदनपर्यंत मोटार मिळाली आणि पुढे बैलगाडी. दोन्ही बाजूंना काळी जमीन, शाळूची कणसं भरलेली, माळ्यावर उभी राहून पाखरं हाकणारी माणसं. वाटेत गाडीवानाने एका शेतात थांबवून हुरडा खाऊ घातला. लसणाच्या चटणीबरोबर तो इतका खाल्ला की संध्याकाळी तिथल्या पाळकसाहेबांच्या, म्हणजे पाद्र्यांच्या, घरी जेवायला जागाच उरली नाही. पाळकसाहेब चाळिशीतले, मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांच्या बायकोने मला आपल्या खोलीत जागा दिली.

मंडळीतली घरं गावाबाहेर दोन ठिकाणी होती, काही ओढ्याच्या वर आणि काही खाली. ख्रिस्ती होण्याआधी दोन्हीकडच्यांच्या जाती वेगळ्या होत्या. त्या जातींची नावं मी इथे लिहिणार नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्यात ती गेली असं आपण मानतो, मग मीच ती पुन्हा वर का काढू?

खालच्या घरांतल्या राहेलबाई माझ्या वर्गाला सगळ्यांच्या आधी येऊन बसत. विधवा, उंच, स्पष्ट बोलणाऱ्या. शनिवारी मी त्यांच्या घरी गेले, तर त्या न्हाऊन, जातं धुऊन दळायला बसल्या होत्या. या भागात प्रभुभोजनाला ज्वारीची भाकरीच मोडतात. "उद्याची भाकर करून राह्यले, बाई," त्या म्हणाल्या. "या खेपेला माझ्या येकलीचीच भाकर. समदे खातील. पाळकसायबांनी कबूल केलंय." दळता दळता त्यांनी सांगितलं, गावाच्या विहिरीवर आम्हाला वरून पाणी ओततात, ते सोसलं, पण आपल्याच मंडळीत आपल्या हातचं खाल्लं गेलं पाहिजे. मला वाटलं, भाकरी करायचा मान मिळाल्याचा आनंद असेल. मी त्यांच्याबरोबर प्रार्थना केली आणि फार प्रसन्न मनाने परत आले.

रविवारी शाळेच्या खोलीत उपासना झाली. सतरंजीवर मधोमध एक वाट मोकळी होती. बायका एकीकडे आणि पुरुष एकीकडे बसत असतील असं मी धरून चालले, पण बायका-पुरुष दोन्हीकडे होते. वरच्या घरांतले उजवीकडे, खालचे डावीकडे. मी पाळकीणबाईंशेजारी उजवीकडे बसले. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, आपण सगळे एकाच भाकरीचे म्हणून देवाचे आभार मानले आणि ताटावरचा रुमाल काढला. त्यांनी भाकरी मोडून आमच्या बाजूला वाटली. मग डावीकडे वळले आणि ताटातून दुसरी भाकरी उचलून मोडू लागले.

मी पाळकीणबाईंकडे पाहिलं. "वरची आपली, खालची त्यांची," त्या कुजबुजल्या. "पहिल्यापासून असंच हाय." त्या 'आपली'त मलाही धरलं होतं. राहेलबाई ताटाकडे बघत बसल्या होत्या. त्यांची भाकरी त्यांच्याच लोकांकडे परत आली होती.

माझं डोकं फिरलं. हातातला तुकडा ताटात परत ठेवला, ती मधली वाट ओलांडली आणि राहेलबाईंशेजारी जाऊन बसले. पाळकसाहेबांचा हात क्षणभर थबकला, मग त्यांनी मला तुकडा दिला. मी खाल्ला. उजवीकडून कुणीतरी उठेल म्हणून वाट पाहिली. कुणी उठलं नाही. सगळ्यांनी मिळून शेवटचं गीत मात्र खणखणीत म्हटलं.

उपासनेनंतर मी पाळकसाहेबांना नाही नाही ते बोलले. कबूल करून शब्द फिरवलात, एका बाईला सगळ्यांदेखत खाली बघायला लावलंत, हे सगळं सुनावलं. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही उद्या मोटारीत बसून जाल, बाई. मला हितंच राहायचंय. येक भाकर ठेवली तर निम्मी मंडळी येणार न्हाई."

"मग प्रार्थनेत तरी एक म्हणू नका," मी म्हटलं.

निघताना राहेलबाई गाडीपाशी आल्या. मला वाटलं, आभार मानतील. त्या म्हणाल्या, "तुम्ही खाल्ली, बरं केलं. पर तुम्ही पावण्या. ज्यांचं तोंड रोज पाहावं लागतं, त्यांनी खाया पायजे व्हती. मला लई राग येऊन राह्यला." मी विचारलं, आता पुढे काय करणार? "मंग काय, पुन्हा करीन. बराबर इचारीन समद्यांना, का खात न्हाई म्हणून."

नगरला परतले. मी जिच्याकडे राहते ती माझी आत्या सकाळ-संध्याकाळ गुडघे टेकणारी. हकीकत ऐकून ती संतापली. कसले हे ख्रिस्ती, अशांना मंडळीत घेतलंच कशाला, असं बराच वेळ बोलत होती. मला बरं वाटलं. मग तिने आवाज खाली आणून विचारलं, "पण तू खरंच खाल्लीस? तिच्या हातची?"

खेड्यातल्यापेक्षा मला इथे जास्त राग आला. भोकरदनकडच्या लोकांना नावं ठेवत मी सगळा रस्ता आले होते आणि ती मधली वाट आमच्या स्वयंपाकघरातूनच जात होती. विश्वास उपासनेत कुणालाही गाता येतो, चुलीपाशी आला की तो अडतो.

ईस्टरला मी राहेलबाईंना आमच्या घरी बोलावलं आहे. त्या येणार आहेत. त्या दिवशीच्या भाकरी आमच्या चुलीवर, आत्याच्या काठवटीत त्याच करतील, हे मी आत्याला सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी काठवट माळ्यावर गेलेली दिसली. मी शिडी लावली आणि काठवट खाली काढून पुन्हा चुलीशी ठेवली.