काकांच्या पोटातली गाठ
कॉलेजात आलेला मी घरातला पहिलाच. लिहायचे धाडस करतो, क्षमा असावी. नव्या रुईच्या वासाने आज काका आठवले. कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा ते अकोल्यात कापसाच्या दाबलेल्या गाठी वाहत. वेड लागून ते कापसाचेच बरळू लागल्यावर त्यांना अमरावतीला वेड्यांच्या इस्पितळात ठेवले. मी भेटायला गेलो तेव्हा ते कण्हत होते, “माह्या पोटात गाठ हाय!” “आता कापूस पोटातही शिरला,” म्हणत डॉक्टर पुढे गेले. मीही हसलो. तिथला म्हातारा सेवक म्हणाला, “कावून हसता, बाबू? येड्याचं पोट दुखत नाई काय?” त्याने माझा हात काकांच्या पोटावर दाबला, आत लिंबाएवढे टणक काहीतरी लागले. त्याने हट्टाने डॉक्टरांना परत आणले. महिन्याने निरोप आला: गाठ पिकली होती, ती कापली, काका अजून भिंतीशी बोलतात, पण भाकरी मागून खातात.