मिठासारखं चांदणं

उभ्या गोव्यात उपमेला दरदरून घाम फोडणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचा मामा. लाटंबार्सेच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं मराठी शिकवलं. एका मुलाने निबंधात 'अंगणात दुधासारखे चांदणे सांडले होते' असं लिहिलं, तेव्हा मामांनी सगळा वर्ग व्हरांड्यात नेला आणि कपभर दूध फरशीवर ओतलं. दहा मिनिटांत मुंग्या हजर. "चांदण्याला मुंग्या लागतात काय रे?" असं विचारून त्यांनी दोन मार्क कापले. घरीही तीच तऱ्हा. एकदा सकाळी पोदेर पाव देऊन गेल्यावर मामी कौतुकाने म्हणाली, "उंडो आज कसा कापसासारखा झालाय!" मामा लगेच, "कापूस खाल्लास कधी तू?" तेव्हापासून मामी बशी पुढे सरकवते आणि म्हणते, "पाव. खा." माझ्या लग्नात तर काकांनी रचलेल्या मंगलाष्टकात 'चंद्रमुखी वधू' आली मात्र, वधूच्या पाठीशी मामा म्हणून उभे असलेले हे गृहस्थ ओरडले, "आधी तिथी सांगा! चतुर्थीचा चंद्र असेल तर जावयावर आळ येईल." भटजींना हसू आवरेना आणि मुहूर्त जेमतेम वाचला.

दोन वर्षांपूर्वी पेडण्याला देवळाच्या सभागृहात कविसंमेलन होतं. मामा पहिल्या रांगेत, शेजारी मी. आगरवाड्याची एक मुलगी पहिल्यांदाच कविता वाचायला उभी राहिली. दवाखान्यात परिचारिका, बाप मिठागरात राबणारा. 'चांदणे मिठासारखे पडले बांधावर' एवढंच तिने वाचलं आणि मामा उठले. "गो बाय, मीठ खारट. चांदणं चाटून बघितलंस काय?" सभागृह खो खो हसलं. मीही हसलो. मुलीने कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि ती खाली उतरली. जाताना मामांपाशी थांबून म्हणाली, "मास्तर, पुनवेला आमच्याकडे या. मग विचारा."

घरी आल्यावर मामा जेवले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले. मामी मला हळूच म्हणाली, "पोट कसलं? त्या चेडवाचं तोंड आठवतंय त्यांना."

पौर्णिमेला मामा मुकाट्याने माझ्या स्कूटरवर मागे बसले. आगरवाड्याला पोचलो तेव्हा दिवस नुकताच मावळला होता. मुलगी आणि तिचा बाप बांधावर उभे होते. दिवसभर ओढलेलं मीठ जागोजाग रचलेलं, वाफ्यांत पाणी, आणि चंद्र जसजसा वर आला तसतसं मीठ कुठे संपतं आणि चांदणं कुठे सुरू होतं तेच कळेना. मामा वाकले. एका पांढऱ्या जागी बोट टेकवून त्यांनी चाटलं. खारट. दोन पावलं पुढे पुन्हा टेकवलं, चाटलं आणि तोंड वाकडं केलं. चिखल! तिसऱ्यांदाही फसले. बाप घाबरून म्हणाला, "मास्तरांक बरं वाटत नाय काय?" मुलगी मात्र ओढणी तोंडाशी धरून हसत होती.

मामा सरळ झाले. बोट पँटला पुसलं.

"बाय, माझं चुकलं. पुढची कडवी आहेत?"

"आहेत."

"वाच."

तिला कविता पाठच होती. पुढच्या कडव्यात बापाच्या टाचा होत्या, मिठाने चिरलेल्या, कुठल्याच पावसाळ्यात न भरणाऱ्या. त्या भेगांना चांदणं झोंबत होतं. बाप मान वळवून खाडीकडे बघत राहिला. तो पायांत चपला नसलेला माणूस आपल्यावरचीच कविता पहिल्यांदा ऐकत होता, हे मला उशिरा कळलं. मामांनी एकही प्रश्न विचारला नाही.

परतताना एका मोकळ्या शेताशी त्यांनी स्कूटर थांबवायला लावली. कापणी झालेली होती, चांदण्यात चिटपाखरू नव्हतं. ते उतरून बांधावर जाऊन उभे राहिले, तेव्हा मीच खोडी काढली, "मामा, कशासारखं दिसतंय?"

"गप रे," ते हळूच म्हणाले. "बघू दी मला."