फर्स्ट शिफ्टवाल्यांचा कप

लेथच्या खाली लोखंडाचा कीस साचतो. शिफ्ट संपताना झाडून काढा, दुसऱ्या दिवशी परत तेवढाच! फॅक्टरीतल्या किश्श्यांचंही तसंच आहे. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी चामराजपेटेत आम्ही दोघं-तिघं जुने भेटलो की कुणीतरी म्हणतंच, "ती फायनल आठवते का रे?" मग समोरची कॉफी निवून जाते.

मी बेंगळुरूच्या एका मशीन टूल फॅक्टरीत टाइम ऑफिसला क्लार्क होतो. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण आमच्या टीमचे सगळे प्लेअर फॅक्टरीचेच कामगार. सकाळी सात ते अकरा मशीनवर आणि अकरानंतर ग्राउंडवर, अशी त्यांची हाफ शिफ्ट. त्यांची हजेरी माझ्याकडे असायची, एवढ्या एका लायकीवर मला टीमचा मॅनेजर केलं!

* * *

आमचे कोच मोहिते अण्णा. फाउंड्रीचे फोरमन. घराण्याच्या तीन पिढ्या बेंगळुरूत गेलेल्या, त्यामुळे मराठीत कन्नड कधी मिसळायचं त्यांनाही कळायचं नाही. वीस वर्षं त्यांनी ही टीम पोटच्या पोरासारखी सांभाळली होती.

नव्वदीचं दशक नुकतं लागलं होतं. पुण्याहून नवे जीएम आले, कानिटकर साहेब. आल्या आल्या त्यांनी खर्च कमी करायचं मनावर घेतलं आणि आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"मोहिते, इतकी माणसं रोज अर्धा दिवस चेंडू लाथाडतात. हे मी हेड ऑफिसला कसं सांगू? या वर्षी नॅशनल कप नाही आला तर टीम बंद. सगळे फुल शिफ्टवर."

"आणि आला तर, साहेब?"

"आला तर बघू."

आम्ही त्या कपच्या फायनलला कधी पोचलोही नव्हतो! पण अण्णा शांतपणे म्हणाले, "सरी, साहेब, ठीक हाय. तेवढं ते कपाट स्वल्प सरकवून ठेवा. कप मोठा हाय म्हणतात."

बाहेर आल्यावर मात्र त्यांनी माझा हात धरला. "टीम गेली तर मी काय करू रे?" एवढंच म्हणाले आणि फाउंड्रीकडे चालू लागले.

* * *

क्वार्टर फायनलच्या दिवशी साडेअकरा वाजले तरी आमचा सेंटर फॉरवर्ड मूर्ती येईना. बघायला गेलो तर हा लेथवर! सुपरवायझर अडून बसला होता. अर्जंट जॉब आहे, आठ पीस झाल्याशिवाय सोडणार नाही.

अण्णांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. "तू जा. तुझे आठ पीस मी काढतो."

मूर्ती पळाला. अण्णांनी वीस वर्षांत लेथला हात लावला नव्हता, पण त्यांनी आठही पीस काढले आणि ऑटो करून सेकंड हाफला ग्राउंडवर हजर झाले. मूर्तीने दोन गोल मारले होते. आम्ही जिंकलो.

दुसऱ्या दिवशी ते पीस इन्स्पेक्शनला गेले. तिथे कोण? आमचाच गोलकीपर पीटर! पीटरने गेज लावून बघितलं आणि तोंड पाडून अण्णांकडे आला.

"अण्णा, आठपैकी आठ रिजेक्ट."

"असू दे," अण्णा म्हणाले. "मॅच पास झाली नव्हं? आता हे आठ मूर्ती काढंल."

* * *

सेमीफायनल कशी जिंकली ते आजही आम्हाला नीट सांगता येत नाही. पण जिंकली! फायनल आमच्याच गावात आणि समोर कोलकात्याचा एक बडा क्लब. त्यांची स्वतःची बस, स्वतःचा डॉक्टर, आणि इंदिरानगरच्या हॉटेलात मुक्काम.

फायनलच्या दोन दिवस आधी त्यांचा असिस्टंट कोच आमची प्रॅक्टिस बघायला आला. हातात वही, गळ्यात दुर्बीण. अकराचा भोंगा झाला आणि आमची पोरं मशीनवरून थेट ग्राउंडवर आली. अंगात तेलकट निळ्या डांगऱ्या, काहीजण अनवाणी. बूट मॅचसाठी जपून ठेवायचे, ही अण्णांची पद्धत होती.

त्या गृहस्थाने दहा मिनिटं बघितलं आणि मला हिंदीत विचारलं, "टीम कब आएगी?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अण्णांनी माझ्या पायावर पाय दिला. "टीम खाना खाने गया है!"

त्याने आणखी दहा मिनिटं वाट बघितली, वही मिटली आणि गेला. फायनलला दोन्ही टीम रांगेत उभ्या राहिल्या, तेव्हा तो आमच्या पोरांकडे बघतच राहिला. "अरे, ये तो वही लंच टाइमवाले हैं!"

* * *

हसू तिथपर्यंतच होतं. पहिल्या वीस मिनिटांत त्यांनी गोल मारला आणि हाफ टाइमला आम्ही एक-शून्यने मागे. ड्रेसिंग रूममध्ये कुणी कुणाकडे बघेना.

अण्णा ओरडतील असं मला वाटलं. ते स्टुलावर बसले आणि मला म्हणाले, "वही काढा, मॅनेजर. सोमवारपासूनची फुल शिफ्ट लिवून घ्या. पीटर, सात ते साडेतीन. मूर्ती, सात ते साडेतीन."

मी लिहीत गेलो. अण्णांनी सगळ्यांची नावं घेतली, एकेक, सावकाश. शेवटचं नाव लिहून झालं. माझं पेन थांबलं.

"कुणाची तक्रार हाय?" अण्णांनी विचारलं.

मूर्ती उठला, माझ्या हातातली वही घेतली, ते पान फाडलं आणि बाहेर गेला. त्याच्यामागे सगळे.

* * *

व्हीआयपी खुर्च्यांत कानिटकर साहेब बसले होते. टाय वगैरे लावून! शेजारी अण्णांच्या पत्नी, आमच्या सुलोचनाक्का.

हाफ टाइमनंतर बाजू बदलतात हे साहेबांना कुणी सांगितलंच नव्हतं. मूर्तीने बरोबरीचा गोल मारला. सगळं स्टेडियम उभं राहिलं आणि साहेबांनी कपाळाला हात लावला. "अरेरे! दुसराही गेला!"

अक्कांनी त्यांच्या कोपराला ढोसलं. "साहेब, टाळ्या वाजवा! आपलाच हाय!"

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आधी बेताच्या, मग जोरात. मॅच संपेपर्यंत ते मग खाली बसलेच नाहीत.

* * *

पाच मिनिटं उरली होती. एक-एक. आणि रेफ्रीने आमच्याविरुद्ध पेनल्टी दिली! अण्णांनी ग्राउंडकडे पाठ केली. "काय झालं ते सांगा," मला म्हणाले.

पीटर उजवीकडे झेपावला आणि त्याने बॉल छातीशी धरला. उठला आणि तसाच लांब फेकला. पुढे मूर्ती एकटा. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण जाळं हललेलं कळतं! अण्णांना मी मिठी मारली आणि आम्ही दोघंही रडलो. लाज कसली त्यात?

मॅचनंतर एका पेपरवाल्याने पीटरला विचारलं, बॉल कुठे येणार हे कसं कळलं?

"बारा वर्षं इन्स्पेक्शनला आहे, मॅन," पीटर म्हणाला. "पीस मशीनवर चढवतानाच कळतं. त्याने बॉल ठेवला तेव्हाच मी बोललो, हा रिजेक्ट!"

* * *

सोमवारी सकाळी पावणेसातला आम्ही कप फाउंड्रीच्या ट्रॉलीवर ठेवून गेटवर आलो. हार, गुलाल, ढोल. सगळी फर्स्ट शिफ्ट आत दुतर्फा उभी.

आणि गेट बंद!

मधे सिक्युरिटीचा बसप्पा. मिलिटरीतून आलेला, नियमाला पक्का. बाहेरची कुठलीही वस्तू आत न्यायची तर रजिस्टरमध्ये नोंद हवी. "वस्तू?" त्याने विचारलं.

"कप," मी म्हणालो.

"नग?"

"एक!"

"रिटर्नेबल की नॉन-रिटर्नेबल?"

मी सांगितलं, रोलिंग ट्रॉफी आहे, वर्षाने परत द्यायची असते, पुन्हा जिंकली तरच इथे राहते. बसप्पाने लिहिलं, रिटर्नेबल. मग पेन वर धरून म्हणाला, "पुढच्या वर्षी परत कोण नेणार? डिपार्टमेंटचं नाव सांगा."

ढोल थांबला. पुढच्या वर्षी टीम असेल की नाही, हे आम्हाला तरी कुठे माहीत होतं? अण्णा खाली मान घालून ट्रॉलीचा दांडा पुसत राहिले.

मागे हॉर्न वाजला. कानिटकर साहेबांची गाडी. साहेब उतरले, ट्रॉलीजवळ आले, म्हणाले, "काय अडलंय?"

बसप्पाने सॅल्यूट ठोकला आणि रजिस्टर पुढे केलं. साहेबांनी ती ओळ वाचली. एकदा कपकडे बघितलं, एकदा अण्णांकडे. मग बसप्पाच्या हातातून पेन घेतलं, काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं, खाली सही केली आणि गाडीत न बसता चालत आत गेले.

बसप्पाने रजिस्टर फिरवून डोळ्यांजवळ नेलं आणि सगळ्या फर्स्ट शिफ्टला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं,

"कप, नग एक. नॉन-रिटर्नेबल!"