ढिगाऱ्याखाली कोण?

पोलादपूरच्या टपरीवर आमच्यात बसायचा तो पोकलेनवाला. घाटात दरड आली की ती उपसायला त्यालाच बोलावतात. एरवी गप्प, चहा पार गार करून पिणार.

महाडला ग्राफिक्सवाला नवा मारधाडपट लागला, तेव्हा आम्ही त्यालाही ओढून नेलं. पडद्यावर अख्खी इमारत संथपणे कोसळली आणि थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "एकेक वीट सुटी दिसते, काय काम केलंय!"

तो म्हणाला, "धूळ झ्याक हाय. पन खाली कोन गावला का, ता कुनी बघितलाच नाय."

"अहो, कॉम्प्युटरची इमारत ती! खाली कोण असणार?"

सगळे खो खो हसले. तोही हसला, पण पुन्हा आमच्याबरोबर सिनेमाला आला नाही.

परवा वरंध घाटात दरडीपाशी अडकलो होतो. पुढचं पोकलेन मधेच थांबलं, तसा गाड्यांनी हॉर्नचा गोंगाट सुरू केला. मी वैतागून पुढे गेलो. मशीन त्यानेच बंद केलं होतं. ढिगाऱ्याला कान लावून तो हाका मारत होता, "कोन हाय का रे आत?"

मला बघून म्हणाला, "जरा हॉर्न बंद करायला सांगा त्यांना. आयकू येत नाय."

पहिला हॉर्न मीच वाजवला होता, हे माझ्याच्याने त्याला सांगवलं नाही.