ऊन लागलं, म्हणे

अक्षयच्या छातीवर ईसीजीचे रबरी कप टिकेनात. घामानं निसटत होते. वय एकवीस. म्हसवडजवळच्या भरती अकॅडमीत सकाळी पळता पळता छाती धरून बसला होता. सोबत वडील, रिटायर्ड हवालदार.

मी वडूजच्या एका दवाखान्यात ईसीजी टेक्निशियन. सुट्टीला अकॅडम्यांमध्ये एमडीविरुद्ध पत्रकं वाटते. एमडी म्हणजे केमिकलपासून बनवलेली नशेची पावडर. हृदयाला पळवते आणि त्याच वेळी त्याच्याच रक्तवाहिन्या आवळते. पळायला लावायचं आणि नरडं दाबायचं, असा हिशेब.

पट्टी बाहेर आली. पल्स एकशे साठ. जी रेघ खाली सपाट बसायला हवी, ती वर चढलेली. म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त मिळत नाहीये.

डॉक्टर मॅडमनी विचारलं, "काही घेतलंय का यानं?"

"आवं मॅडम, पोरगं सुपारीबी खात न्हाई. ऊन लागलंय."

सकाळचे आठ वाजले होते.

मॅडमनी पल्स उतरवायचं इंजेक्शन भरायला सांगितलं. पुन्हा पोरालाच विचारलं. मी पायाची क्लिप नीट करत होते, म्हणून दिसलं. प्रश्न आला की बाप पोराचा अंगठा दाबायचा. पोरगं तोंड मिटायचं.

मी म्हटलं, "काका, बाहेर थांबा."

"तू तुजं मशीन बघ की गं."

"मशीनच बघतेय. पोरगं जातंय तुमचं. व्हा बाहेर!"

दार लागलं तसा अक्षय रडायला लागला. "काल हळदीच्या डीजेत एमडी घेतली, ताई. पेपरवर लिवू नका. व्हेरिफिकेशनला घावलं तर आर्मी गेली."

मॅडमनी भरलेलं इंजेक्शन बाजूला ठेवलं. एमडीवर ते दिलं असतं, तर रक्तवाहिन्या आणखी आवळल्या असत्या. औषधं बदलली. दुपारी त्याला सांगलीला हलवलं.

वाचला. पण टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, तर पंपिंग निम्म्यावर आलेलं. आता एक जिना चढला की थांबतो. आर्मी गेलीच.

महिन्याभरानं मी त्याच अकॅडमीत पत्रकं घेऊन गेले. सरांनी ती हातात घेतली नाहीत. "आमच्यात तसलं काय न्हाई, मॅडम. त्या पोराला ऊन लागलं हुतं. त्याच्या वडलांनीच सांगितलं."

गेटवर नवा बोर्ड लागला होता : उन्हात सराव बंद. भरपूर पाणी प्या.

हृदयाला काय झालं, ते ईसीजी सांगतो. का झालं, ते तोंडानंच सांगावं लागतं.