वेलाचा कल

चहा गार होऊ दे, पण आधी हे ऐका. मी एका बाईवर इतकी जळले, इतकी जळले, की ठरलेलं लग्न मोडायला निघाले होते!

गोष्ट नव्वद-एक्क्याण्णवची. साखरपुडा झाला होता. नवरामुलगा श्रीकांत, मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत. एका रविवारी तो लग्नाची तारीख ठरवायला भिवंडीत आमच्या घरी आला आणि नेमका त्याला फोन आला. फोन कुठे? आमच्याकडे नव्हता, समोर रशीदचाचांच्या कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात. मी त्याला घेऊन निघाले, तर आत्या मागोमाग. का? तर लग्नाआधी मुलामुलीने एकट्याने रस्ता ओलांडू नये! मी बी.ए. फर्स्ट क्लास, आणि मला रस्ता ओलांडायला आत्या!

कारखान्यात लूमचा खडखडाट. श्रीकांत ऑफिसात रिसीव्हर धरून ओरडतोय. आम्ही दाराशी. तुकडे तुकडे ऐकू येत होते.

"...वेला... हो, वेलाच! दुसरी कुणी नको!"

वेला? ही कोण बया? वसईकडची असणार. गोरी, झग्यातली, फाडफाड इंग्रजी बोलणारी! मी मनात तिचे केससुद्धा कापून टाकले.

"...तिचे एक्स-रे फार फिके येतात रे!"

आत्या माझ्या कानात म्हणाली, "छातीचं दुखणं असेल गो. मग काय, जास्त दिवस न्हायत तिचे. तू गप बस."

"म्हणजे ती मरायची वाट बघू?"

"पुरुष लग्नानंतर सुधारतात."

"तुमचे सुधारले का?"

आणि तेवढ्यात लाइट गेली. सगळे लूम एकदम थांबले. त्या शांततेत श्रीकांतची आरोळी अख्ख्या गल्लीने ऐकली:

"जोशी, मला वेलाचा कल कळलाच पाहिजे! त्याशिवाय झोप लागायची नाही मला!"

झालं! मी आत घुसले, बोटातली अंगठी काढली आणि टेबलावर आपटली. ती टणकन उडाली, घरंगळली आणि थेट एका लूमखाली गेली.

"जा तुमच्या वेलाकडे! तिचा कल तुमच्याकडेच असणार!"

श्रीकांतच्या हातात रिसीव्हर तसाच. "अगं, वेला म्हणजे पल्सर! फुटून गेलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. आकाशात स्वतःभोवती गरागरा फिरतो. त्याचे एक्स-रे कुठल्या दिशेला कलून थरथरतात ते मोजणारं यंत्र बनवतोय आम्ही. इथल्या हवेतून ते एक्स-रे खाली पोचत नाहीत, म्हणून दुर्बीण उपग्रहावर बसवायची."

"मग 'ती, ती' काय लावलंय?"

"सवय झाली. आठ तास तिच्याबरोबरच असतो ना."

बघा! हे ऐकून माझं समाधान व्हायला हवं होतं की नाही? पण मी विचारलं काय, तर, "वय काय तिचं?"

"असेल अकरा हजार वर्षं."

दाराशी जमलेले कारागीर तोंडात रुमाल कोंबून हसत होते. चाचांनी मेन स्विच बंद केला आणि म्हणाले, "बिटिया, अब लाइट आई तो भी डर नहीं. आराम से ढूँढ़ो."

म्हणजे मीच शोधायची! मी नवी साडी खोचून लूमखाली शिरले. तिथे सुतातून उडालेल्या कापसाचा ढीग. अंगठी सापडली एकदाची. सरपटत-रांगत बाहेर आले, तर डोक्यावर, भुवयांवर, पापण्यांवर पांढराशुभ्र कापूस.

श्रीकांतने फोनवरच्या जोशीला म्हटलं, "ठेवतो रे." मग माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि अंगठी परत माझ्या बोटात घालायला हात पुढे केला.

"काळजी करू नकोस. आता मला तूच तिच्यापेक्षा वयाने मोठी दिसतेस."