शिंदखेड्याकडच्या नानांचा तास

चाळीसगावला गाडी बदलून आम्ही धुळ्याच्या छोट्या गाडीत चढलो, आणि हारुकोबाईंनी मला बाजूला सारून खिडकी पटकावली. त्या जपानमधल्या एका विद्यापीठात इतिहास शिकवतात. हिंदी माझ्यापेक्षा शुद्ध बोलतात. नव्वदच्या सुरुवातीचा हिवाळा होता. त्यांचं विद्यापीठ आणि पुण्याचं आमचं विद्यापीठ मिळून एक अभ्यासक्रम उभा करत होते. महायुद्धात ज्यांना बळजबरीनं राबवलं, त्यांचा इतिहास दोन्हीकडच्या मुलांना शिकवायचा होता. पुस्तकं ढीगभर जमली होती, पण राबलेल्या भारतीय कैद्याचा आवाज अजून मिळाला नव्हता.

धुळ्यात देवपूरच्या कॉलेजातल्या पाटील सरांनी आम्हाला जेवायला शेवभाजी घातली. पहिल्या घासाला हारुकोबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला नाकातून. तरी त्यांनी रस्सा मागून घेतला. सर तिथल्या तिथे त्यांच्यावर खूश झाले. महायुद्धातून परतलेल्या एका सैनिकाचा, नानांचा, पत्ता सरांनीच आम्हाला कळवला होता.

"पण नाना बोलतील याची खात्री नाही बरं का," ते म्हणाले. "सिंगापूरला लढले, एवढंच गावाला ठाऊक. पुढचं विचारलं की उठून जातात. बायकोला, अक्कांनाही कधी सांगितलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी जीपनं शिंदखेड्यापुढच्या नानांच्या शेतात पोचलो. भरिताचा बेत होता. कापसाच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजायची, ठेचायची, आणि कळण्याच्या भाकरीशी (उडीद-ज्वारीची भाकरी) खायची. नानांनी हारुकोबाईंकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवून विहिरीकडे चालू लागले. टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन मी धुरात बसले. माझा पार हिरमोड झाला होता.

अक्कांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी हारुकोबाईंच्या हातात काड्यांचा भारा दिला. "आठे हात लावाशिवाय जेवाले भेटत नही!" (इथे हात लावल्याशिवाय जेवायला मिळत नाही.)

बाई काड्या वाहू लागल्या. चुलाणापाशी बायका वांगी मोजत होत्या : "इची, नी, सान, शी..." हारुकोबाई जागीच थबकल्या.

"ये तो हमारी गिनती है!"

"हाई तं आमना यासनी मोजनी शे," अक्का म्हणाल्या. (ही तर आमच्या यांची मोजणी आहे.) कापसाचे भारे असोत की वांगी, त्या शेतात सगळे असंच मोजत. नानांची गंमत म्हणून सगळे ती शिकले होते.

हारुकोबाई काड्यांसकट विहिरीपाशी गेल्या. मागोमाग मी. "नाना, ये गिनती किसने सिखाई?"

नाना विहिरीच्या कठड्यावर बसले. मग म्हणाले, "रोज सकायले हजेरी व्हये. चुकं का काठी." (रोज सकाळी हजेरी व्हायची. चुकलं की काठी.)

मी ते हिंदीत सांगताच बाईंनी काड्या खाली ठेवल्या आणि त्या कमरेत वाकून तशाच राहिल्या. नाना गडबडले. "ऊठ वं माय! वांगा जळी जातीन!" आणि स्वतःच त्यांना चुलाणापाशी घेऊन आले. मला इतका आनंद झाला की मी भाकऱ्या जरा जास्तच खाल्ल्या.

जेवणानंतर मी टेपरेकॉर्डर पुढे केला. नानांनी तो बाजूला सारला. "यंतरले काय सांगू? कालेजमां पोरे ऱ्हातस ना? त्यासले सांगसू." (यंत्राला काय सांगू? कॉलेजात पोरं असतात ना? त्यांना सांगेन.) जीपमध्ये सगळ्यात आधी अक्का चढून बसल्या.

देवपूरचा वर्ग खचाखच भरला. नाना फळ्यापुढे उभे राहिले. टोपी सारखी केली. "गाव समजस मी लढनू. मी लढनू नही. पकडाई गयथू. बेटवर इमाननी पट्टी कराले माटी वाही. मार खायना. नि जित्ता उनू." (गाव समजतं मी लढलो. मी लढलो नाही. पकडला गेलो. बेटावर विमानांच्या पट्टीसाठी माती वाहिली. मार खाल्ला. आणि जिवंत आलो.) एवढं सांगताना त्यांनी अक्कांकडे एकदाही पाहिलं नाही. गावापुढे आणि बायकोपुढे आपण हमाल ठरू, याच धास्तीनं हा माणूस आयुष्यभर गप्प होता. 

 पहिल्या बाकावरून अक्का उठल्या.

"इतलंच?" त्या म्हणाल्या. "माले तं वाटे, तुमीन तठे दुसरं घर मांडं व्हई!" (मला तर वाटायचं, तुम्ही तिकडे दुसरा संसार मांडला असेल!)

वर्गात हशा फुटला. नाना टोपीनं डोळे पुसत हसत होते. मग पोरांनी त्यांना प्रश्नांवर प्रश्न विचारले, आणि त्यांनी एकही टाळला नाही.

परतीच्या गाडीत हारुकोबाईंनी वर्ग का हसला ते विचारलं, तेव्हा मी त्यांना अक्कांचं वाक्य हिंदीत सांगितलं. त्या खदखदून हसल्या. तिकडे बेटावर नानांना राबवलं, आणि इकडे अक्कांनी नसलेल्या सवतीबरोबर सारा संसार केला.

"हे आपल्या अभ्यासक्रमात कुठे घालायचं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्याच तासाला," मी म्हटलं.